गुरुवारची सुट्टी, रविवारचं नाटक

आमच्या घरात आठवड्याला दोन सुट्ट्या होत्या आणि त्या एकमेकींना कधी भेटत नसत. माझ्या शाळेला रविवारी सुट्टी, वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, कंपनीला गुरुवारी. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं तर त्याला आधी खरं वाटत नाही. पण विजेचा भार सगळीकडे वाटला जावा म्हणून आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असे, आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटत नसे. रविवारी सकाळी बाकीचं जग अंथरुणात असताना चिंचवड स्टेशनाजवळच्या आमच्या चाळीतून डबे लावलेल्या सायकली निघत. चाळीत बावीस खोल्या होत्या आणि सायकली एकोणीस. उरलेल्या तिघांपैकी एक पोस्टात होते, एक शाळेत शिपाई होते, आणि एक काहीच करत नसत.

या सुट्टीमुळे घरोघरची जेवणंसुद्धा उलटीपालटी झाली होती. मटण व्हायचं ते पुरुषमाणूस घरी असताना, म्हणजे गुरुवारी. आणि शेजारच्या सावंतकाकूंचा नेमका गुरुवारचा उपास. आमच्या खोलीत वाटण भाजायला लागलं की काकू त्यांची खिडकी लावून घेत. पण ती रागाने नव्हे. वासाने भूक लागते म्हणून, असं त्यांनीच आईला सांगितलं होतं. शुक्रवारी सकाळी मात्र त्या वाटी घेऊन येत आणि उरलेला रस्सा आहे का, असं अगदी सहज विचारत. आई त्यांची वाटी आदल्या दिवशीच बाजूला काढून ठेवत असे. मी गुरुवारी शाळेतून साडेपाचला परते तेव्हा अण्णांची सुट्टी संपत आलेली असे. माझी रविवारची सुट्टी संपत आली की ते कंपनीतून येत. एका खोलीत राहून आम्ही पूर्ण दिवस एकत्र असू ते वर्षातून दिवाळीला आणि आणखी तीन-चार सणांनाच. आम्हाला एकत्र आणलं ते रविवारच्या नाटकानं.

रेडिओ लाकडी पेटीचा होता, व्हॉल्व्हचा. बटण दाबल्यावर आवाज यायला चाळीस सेकंद लागत, थंडीत पंचेचाळीस. घरच्या घड्याळाला सेकंदकाटा नव्हता; शाळेच्या भिंतीवरच्या घड्याळाच्या लयीत आकडे म्हणत मी ते मोजले होते, त्यामुळे एखाद-दुसरा सेकंद इकडेतिकडे असेल. दर रविवारी दुपारी एक वाजता हिंदी नाटक लागे. अर्ध्या तासात एक पूर्ण गोष्ट, दर आठवड्याला नवी, आणि काम करायला खरेखुरे सिनेमातले नट-नट्या. सिनेमाला जायचं म्हणजे आमच्याकडे वर्षातून एकदा, तेही आईला ताप नसला तर. इथे तेच लोक दर रविवारी आमच्या फडताळावरून बोलत. सुरुवातीला जाड आवाजाचा एक निवेदक पाहुण्या नटाचं नाव सांगे, मग डोकेदुखीच्या गोळीची जाहिरात, मग नाटक. मध्ये आणखी दोनदा ती गोळी येई. नाटक म्हणून जो अर्धा तास सांगत, त्यात खरं नाटक बावीस ते तेवीस मिनिटांचंच असे. ते मी एका जुन्या वहीत लिहून ठेवत असे: कोण आलं होतं, किती पात्रं, किती मिनिटं, आणि सावंतकाकू रडल्या का. बहुतेक वेळा रडत.

साडेबाराला जेवण उरकायचं, कारण नाटकात ताटांचा आवाज आईला चालत नसे. पिठलं, भाकरी, शेंगदाण्याची चटणी, संपलं. पावणेएकला सावंतकाकू आपला पाट घेऊन येत, पलीकडच्या दोघीतिघी येत, आणि आई सगळ्यांच्या पुढ्यात निवडायला काहीतरी ओते. नाटक ऐकता ऐकता तूर निवडली जाई. नटी रडायला लागली की हात थांबत. अशा निवडलेल्या तुरीत नंतर खडे सापडत, आणि आई म्हणे, हा खडा त्या अमक्या नटीचा.

अण्णा पाचला येत. हातपाय धुऊन, चहाचा पेला घेऊन भिंतीला टेकून बसत आणि म्हणत, "हं, लाव." म्हणजे मी सुरू करायचं. ऐकलेलं नाटक मी त्यांना मराठीत करून दाखवत असे. निवेदकासकट, गोळीच्या जाहिरातीसकट. अण्णांना नुसती गोष्ट चालत नसे. ते कंपनीत तपासणी खात्यात होते. तयार झालेला गाडीचा प्रत्येक शाफ्ट त्यांच्या मापाच्या गेजमधून जाई आणि त्यांनी पास म्हटलं की पास. हा माणूस नाटकाचीही तशीच तपासणी करी. आधी कोण बोललं? पाऊस आधी पडला की टांगा आधी आला? म्हातारा खोकला तो किती वेळा? मग मी सुपात तूर हलवून पाऊस पाडू लागले, दोन करवंट्या आपटून टांगा आणू लागले, आणि फडताळाच्या दाराची बिजागरी कुरकुरे तिचा वाड्याचा दिंडीदरवाजा झाला. आज नात म्हणते, आजी, तू तेव्हा काय काय करायचीस. मी काही करत नव्हते. वडील विचारत, म्हणून सांगत होते. बाप-लेकीनं रोज काय बोलायचं हा प्रश्न ज्या घरात असतो, त्या घरात आमच्याकडे निदान रविवारचं उत्तर होतं.

सोमवारी हेच नाटक अण्णांबरोबर कंपनीत जाई. कँटीनच्या टेबलावर आठजण बसत, आठहीजण रविवारी कामावर असलेले. जेवताना अण्णा त्यांना सांगत; पाऊस ते पेल्यावर बोटांनी वाजवत. एकाच्या घरीही रेडिओ होता, पण त्याची बायको म्हणे सगळी गोष्ट एका वाक्यात सांगून टाकायची: ती मेली आणि तो वेडा झाला. त्यामुळे टेबलाचा भरवसा अण्णांवर. "अण्णा, गोळी खाऊ नका, पुढं सांगा," असं जाहिरात आली की कुणीतरी म्हणायचं.

त्या आठांत काळूराम काका होते. मूळचे मोशीचे, शेतकरी घरातले. तेव्हा मोशी म्हणजे इंद्रायणीकाठी ज्वारी-हरभऱ्याचं गाव होतं. आज मी तिथेच सातव्या मजल्यावर राहते आणि खिडकीतून दुसऱ्या इमारतीचा सातवा मजला दिसतो. कारखान्यासाठी त्यांच्या घराची जमीन गेली तेव्हा घरात एकाला नोकरी मिळाली. घरात दोन भाऊ. थोरल्यानं नांगर धरलेला, धाकटा काळूराम सातवी पास. नोकरी सातवी पासला लागली. थोरल्यानं कुणाकडे तक्रार केली नाही. त्यानं धाकट्याशी बोलणं बंद केलं, इतकंच. काका भोसरीला खोली घेऊन राहिले. आई थोरल्याकडे. चार वर्षं ते मोशीला गेले नव्हते. सणासुदीला कुणाच्या तरी हाती आईला लुगडं पाठवत आणि ते पोचलं का हे विचारायचंही टाळत. हे सगळं अण्णांनी आईला सांगितलेलं मी ऐकलं होतं. काका घरी आले की मला "काय म्हणतोय गं तुजा रेडिओ?" असं विचारत, आणि उत्तराची वाट न बघता खिशातलं बोर किंवा चिंच माझ्या हातावर ठेवत.

एका रविवारी नाटक संपताना निवेदकानं पुढच्या आठवड्याचं सांगितलं. त्या वेळचा सगळ्यात मोठा नट येणार होता. दोन भाऊ, वर्षानुवर्षांचा अबोला, थोरल्याच्या घरी आजारी आई, आणि धाकटा त्या घराच्या दारात उभा. दार उघडेल का, ते पुढच्या रविवारी ऐका. अण्णांनी हे टेबलावर सांगितलं आणि आठवडाभर टेबलाला दुसरा विषय राहिला नाही. पाचजण म्हणाले उघडेल, दोघे म्हणाले एवढा मोठा नट बोलावलाय म्हटल्यावर उघडावंच लागेल. काळूराम काका ताटात बघत म्हणाले, "न्हाई उघडायचं. मला ठावं हाय." त्यावर कुणी थट्टा केली नाही, असं अण्णा म्हणाले.

तो रविवार आला. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मोठा नट धाकट्या भावाचं काम करत होता आणि इतक्या हळू बोलत होता की सावंतकाकूंनी आपल्या बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या. पहिली गोळी झाली, दुसरी झाली. तो पायऱ्या चढला. मी मोजल्या, सात. कडी वाजवली, तीनदा. आतून कुणाची तरी चाहूल आली. आणि लाइट गेली.

एक वाजून बावीस मिनिटं झाली होती. ती परत आली दोन वाजून दहा मिनिटांनी. मधल्या वेळात बायका बसूनच होत्या, जणू काही नाटकही लाइट यायची वाट बघत थांबलं असेल. लाइट आल्यावर चाळीस सेकंदांनी रेडिओवर कुणीतरी शेतीची माहिती देत होतं. आमच्या सगळ्या भागातली लाइट गेली होती, त्यामुळे शेवट विचारायला कुणी नव्हतं.

मी अण्णांना खरं तेच सांगणार होते. लाइट गेली, यात माझा काय दोष. पण त्या दिवशी ते हातपाय न धुताच आत आले, डबा हातातच होता, आणि चपला काढायच्या आधी त्यांनी विचारलं, "उघडलं का गं दार?" आई मोरीत होती. मी म्हणाले, सांगते की, बसा तर खरं. आणि सुरुवातीपासून लावलं. मनात म्हटलं, दारापाशी आले की सांगेन. दारापाशी आले. पाटावर सात पावलं वाजवली, तीनदा कडी वाजवली. अण्णांनी चहाचा पेला खाली ठेवला होता आणि पुढे वाकून ते आमच्या फडताळाच्या दाराकडे बघत होते. त्यांना काय हवंय ते एवढं स्वच्छ दिसत होतं की माझ्या हातानंच ते दार उघडलं. थोरल्याच्या आवाजात मी म्हणाले, "आलास? आई तुझ्यासाठी जेवायची थांबलीय." एवढंच. पुढे मला काही सुचलं नाही, म्हणून संगीत केलं.

अण्णांनी पेला पुन्हा उचलला. मग म्हणाले, मोठा नट तो मोठा नट. त्यांनी त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही. कुठलाही माल न मोजता त्यांनी पास केलेला मी तेवढा एकदाच पाहिला, आणि तो नेमका माझा होता. आई मोरीतून ऐकत असणार. तिनं मला रात्री भाकरी वाढताना फक्त एकदा रोखून पाहिलं.

सोमवारी टेबलावर दार उघडलं. रेडिओवाल्याची बायको त्या आठवड्यात माहेरी गेलेली होती, त्यामुळे पडताळायला कुणी नव्हतं. मंगळवार गेला. बुधवारी शाळेत लाजवंती आली. ही पिंपरीच्या सिंधी कॅम्पातली माझी वर्गमैत्रीण. दोन दिवस तापानं घरी होती. कॅम्पात लाइट गेली नव्हती. मधल्या सुट्टीत मी विचारलं. ती म्हणाली, "अगं, दरवाजा उघडतो ना, पण भाई सांगतो की आई कालच गेली. रोज तुझं विचारायची, म्हणतो. आणि दरवाजा हळूहळू बंद. बस, खतम. माझी मम्मी इतकी रडली, पापड जळले." मी तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा शेवट तोच आला.

तरीही मी गप्प बसायचं ठरवलं होतं. हे लिहायला मला आज चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी जड जातं, पण तसं ठरवलं होतं. लाजवंती अण्णांना कुठे भेटणार होती? नाटक ते नाटक, पुढच्या रविवारी दुसरं. पण संध्याकाळी अण्णा आले ते शीळ घालत. चहा घेताना त्यांनी आईला सांगितलं की काळूराम उद्या सुट्टीला मोशीला जातोय. भावाच्या दारात. चार वर्षं मी सांगून थकलो, म्हणाले, आणि ह्या नाटकानं काम केलं. सकाळच्या पहिल्या बसनं जाणार आहे. मला म्हणाला, "अण्णा, तुमी सांगितलं नसतं तर कुणाचं खरं धरलं नसतं." अण्णा हे सांगताना इतके खूश होते की त्यांनी माझ्याही डोक्यावर हात ठेवला.

त्या हाताखाली मला बसवेना. मी सगळं सांगून टाकलं. लाइट, दार, लाजवंती, पापडसुद्धा. आईच्या हातात लाटणं होतं, ते तिनं खाली ठेवलं. अण्णा ओरडले नाहीत. ते म्हणाले, "म्हणजे मी त्याला चुकीचा माल पास करून दिला." मग त्यांनी विचारलं, "शेवटचं जे तू सांगितलंस, ते कुठं ऐकलं होतंस?" मी म्हटलं, कुठंच नाही. त्यांनी मान हलवली. आई म्हणाली, आता झालं ते झालं, जाऊ द्या त्याला, कदाचित उघडेल दार. अण्णा म्हणाले, "कदाचित उघडेल हे त्याला आधीही माहीत होतं. तो निघालाय ते नक्की उघडतं म्हणून. त्याला मी सांगितलंय." तपासणीत चुकून पास झालेला शाफ्ट गाडीत बसायच्या आत परत मागवायचा, अशी त्यांच्या खात्याची रीत होती, आणि ती रीत पाळताना त्यांनी कधी कुणाला फोन लावून भागवलं नव्हतं, जिथे माल गेला असेल तिथे ते स्वतः जात. "उद्या शाळा बुडव," ते मला म्हणाले. "सांगायचं तूच."

गुरुवारी सकाळी सहाला त्यांनी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं. भोसरीत काकांच्या खोलीला कुलूप होतं. मालकीणबाई म्हणाली, मगाशीच गेले, पहिल्या बसनं, धुतलेला सदरा घालून. तिथून मोशीपर्यंत रस्त्याला चढ आहे तो मला तेव्हा कळला, कारण अण्णांच्या पाठीवरचा घाम माझ्या कपाळाला लागत होता. तेवढ्या वाटेला आम्हाला पाऊण तास लागला. मी मनात वाक्य जुळवत होते आणि दर खड्ड्याला ते मोडत होतं.

काका भावाच्या दारात गेलेलेच नव्हते. गावाच्या अलीकडे नदीकडे उतरणारी वाट होती, तिथे एका दगडावर बसले होते. हातात लुगड्याची घडी, कागदात बांधलेली. आम्हाला बघून ते उठले. "अण्णा? काय झालं? कंपनीत काय झालं का?" अण्णांनी मला पुढे केलं.

मी सांगितलं. जुळवलेलं वाक्य काही आठवलं नाही, पण सांगितलं. दार उघडलं ते मी उघडलं होतं. खऱ्या नाटकात आई आदल्या दिवशी गेलेली असते. भाऊ म्हणतो, रोज विचारायची. आणि दार बंद होतं. अण्णा मागून म्हणाले, "काळूराम, माझी चूक आहे. मी तपासलं नाही. तू जायचं की नाही ते आता हे धरून ठरव."

काका माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "तासभर हितं बसलोय, पोरी. त्या नटाला काय, कडी वाजवली की दार उघडतंय. मला न्हाई उघडलं तर, म्हणून पाय निघंना." मग त्यांनी कागद सरळ केला, सुतळी परत घट्ट केली. "रोज इचारायची, म्हणला?"

"हो."

"आन् त्यो एका दिवसानं चुकला."

"हो."

"माजी हाय अजून," काका म्हणाले आणि निघाले.

अण्णांनी शुक्रवारी टेबलावर काय केलं ते इथेच सांगून टाकते, कारण ते मला पुढे टेबलावरच्याच एकानं सांगितलं; अण्णांनी घरी कधी त्याचा विषय काढला नाही. जेवण सुरू व्हायच्या आधी ते उभे राहिले आणि म्हणाले, सोमवारी मी शेवट चुकीचा सांगितला, खरा असा असा आहे, लाइट गेली होती. माझं नाव घेतलं नाही. टेबलाला तो खरा शेवट मुळीच आवडला नाही. "अण्णा, आधीचाच ठेवा, राव," एकजण म्हणाला. अण्णा म्हणाले, ठेवायला तो माझा नाही.

तर काका पुढे चालत होते आणि आम्ही मागे. बरोबर जायचं असं कुणी ठरवलं नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी अण्णा थांबले, तसं मलाही थांबवलं. घर तिसरंच होतं. कडी वाजवायची वेळच आली नाही, कारण दार सताड उघडं होतं आणि थोरला भाऊ अंगणातच होता. बाज उभी करून तिची दोरी आवळत होता. ते काम एकट्याचं नव्हे. एकानं ओढायची असते आणि दुसऱ्यानं धरून ठेवायची. तो पायानं धरत होता आणि हातानं ओढत होता, आणि दोरी पुन्हा पुन्हा सैल पडत होती. काका अंगणाच्या कडेला उभे राहिले. थोरल्यानं त्यांना पाहिलं. निदान दहा सेकंद तरी पाहिलं असेल. मग तो पुन्हा दोरीकडे वळला आणि म्हणाला, "त्या टोकाला धर. सोडू नकोस."

काकांनी कागदाचं पुडकं दगडी कट्ट्यावर ठेवलं आणि बाजेचं टोक धरलं. दोघांनी मिळून एक ओळ आवळली, मग दुसरी. थोरला ओढे आणि काका अंगठ्यानं दोरी दाबून धरत, तो पुढची ओळ घेईपर्यंत. चौथ्या की पाचव्या ओळीला घरातून म्हातारीचा आवाज आला. कोण आलंय, असं ती विचारत असावी. थोरल्यानं हातातलं काम न थांबवता आत वळून काहीतरी सांगितलं. मग आत एक भांडं पडलं, आणि म्हातारी बोलायला लागली.

मी एक पाऊल पुढे टाकलं. अण्णांनी माझा दंड धरला.

"चल," ते म्हणाले. "हे आपल्यासाठी नाही."

त्यांनी सायकल वळवली. मी मान मागे वळवून कान देत होते. दोन-चार शब्द तरी पकडता येतील अशा अंतरावर आम्ही अजून होतो. ते अण्णांच्या लक्षात आलं असावं. समोर रस्त्यात चिटपाखरू नव्हतं, तरी गल्ली संपेपर्यंत ते सायकलची घंटी वाजवत राहिले.